एकांताची सोय

ओरोस हे कचेऱ्यांचं गाव. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा काढला गेला आणि पुढे कुडाळ-कणकवलीच्या मधल्या या जागी सिंधुदुर्गनगरी वसली. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, कोषागार आणि या सगळ्यांच्या टेबलांवरून फिरणाऱ्या फायली. अशा गावात ध्यानधारणेचा विषय निघाला की पहिला प्रश्न मोक्षाचा नसतो, रजेचा असतो. त्याला उत्तरही आहे. विपश्यनेच्या शिबिराला जाण्यासाठी राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला १४ दिवसांपर्यंत परावर्तित रजा घेता येते. शिबिर म्हणायला दहा दिवसांचं. पण आदल्या दिवशी हजर व्हायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी मोकळं व्हायचं, म्हणजे झाले बारा. ओरोसहून जायचा एक दिवस आणि यायचा एक धरला की चौदा पुरते भरतात.

सरकारनं डोळे मिटून बसायला रजा द्यावी, हे ऐकून काही जण हसतात. मला मात्र ते अगदी जुन्या रीतीला धरून वाटतं. डोंगरात जाऊन एकटा बसणारा माणूस एकट्याच्या बळावर क्वचितच बसलेला आहे. त्याच्या पोटाची, पाण्याची, अंगावरच्या वस्त्राची आणि डोक्यावरच्या छपराची तजवीज खाली राहणाऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असते. सह्याद्रीत ही तजवीज दोन हजार वर्षांपूर्वी होत होती, मध्ये मोडली, आणि गेल्या पन्नासएक वर्षांत ती पुन्हा बसली. तीही कुणाकुणाच्या हातून फिरून आली, हे पाहण्यासारखं आहे.

सिंधुदुर्गातल्या माणसाला विपश्यनेचं जवळचं केंद्र पडतं ते कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावी. त्याचं नाव धम्मालय. कणकवलीवरून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे जावं, नाहीतर वैभववाडीवरून करूळ घाटानं गगनबावडा गाठावा. पण ज्याला या पसाऱ्याचं मूळ बघायचं आहे त्यानं इगतपुरीलाच जायला हवं. कोकण रेल्वेनं ठाण्याला उतरायचं, कल्याण आणि कसारा मागे टाकायचं आणि थळ घाट चढायचा. या घाटात रूळ ३७ फुटांमागे एक फूट चढतो, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. रेल्वे इथवर १८६५ साली पोचली. घाट संपतो तिथे इगतपुरी, आणि गावालगतच्या टेकडीवर ब्रह्मी वळणाचा पॅगोडा दिसतो. ते धम्मगिरी.

हा घाट रेल्वेनं शोधलेला नाही. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवर इथूनच नाशिककडे चढत असे. नाशिकच्या तोंडाशी त्रिरश्मी डोंगर, म्हणजे आपली पांडवलेणी. नाणेघाटाच्या माथ्यावरून पुढे गेलं की जुन्नर, आणि जुन्नरच्या भोवती दोनशेवर लेणी. बोरघाटाच्या वर कार्ले, भाजे आणि बेडसे. बौद्ध भिक्षू जगाला कंटाळून निबिड अरण्यात गेले, असं चित्र आपण शाळेपासून मनात धरून असतो. लेण्यांचा नकाशा ते चित्र खोटं पाडतो. ही लेणी जकातीच्या वाटेवर आहेत. मुंबईची एसटी महाडच्या जवळ आली की खिडकीतून गांधारपाले लेण्यांची रांग दिसते, तीही सावित्री नदीच्या काठच्या जुन्या वाटेवरच. वाटेपासून इतकं दूर की गोंगाट येऊ नये, आणि इतकं जवळ की सकाळी भिक्षापात्र घेऊन गावात जाता यावं, असा त्यांचा हिशोब होता.

यातला सगळ्यात मोठा हिशोब पावसाचा. बुद्धाच्या काळी भिक्षूनं एका जागी घर करायचं नसे, फिरत राहायचं. पण पावसाळ्यात कोवळं गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांची तक्रार झाली, तेव्हा आषाढी पौर्णिमेनंतरचे तीन महिने एका ठिकाणी मुक्काम करायचा नियम आला. तोच वर्षावास. मालवणच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि माणूस घरात. भिक्षूंचंही तसंच. फरक एवढाच की त्यांच्याकडे दुरुस्तीला काढायला जाळं नव्हतं, स्वतःचं मन होतं. कान्हेरीला एकेका गुहेत दगडात कोरलेली बैठक आणि दाराशी पाण्याची टाकी दिसते, ती या मुक्कामासाठी.

आता तीन महिने बसणाऱ्याला खायला-ल्यायला कोण देणार? पांडवलेण्यातल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याचं उत्तर भिंतीवर कोरून ठेवलेलं आहे, आणि मला तो लेख महाराष्ट्रातल्या सगळ्यात वाचनीय शिलालेखांपैकी एक वाटतो. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा, यानं हे लेणं संघाला दिलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. नुसतं लेणं देऊन तो थांबला नाही. त्यानं ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मुद्दल कधी मोडायचं नाही आणि फक्त व्याज खायचं. हे पैसे त्यानं राजवाड्याच्या खजिन्यात ठेवले नाहीत, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवले. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या दरानं. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण दरानं. पहिल्या रकमेचं व्याज वस्त्रासाठी, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला बारा कार्षापण.

कोषागारातल्या कुणीही हा आकडा पडताळून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीस. दमडीचीही चूक नाही. आणि व्याज देणारे विणकर, घेणारे भिक्षू, खर्च कशावर तर कापडावर! पैसा फिरून पुन्हा मागावर येतो. याच लेखात उषवदातानं आणखी एक दान नोंदवलंय. कापूर आहारातल्या चिखलपद्र गावची नारळाची आठ हजार झाडं. नारळावर ज्यांचं घर चालतं त्यांना आठ हजार माडांचं उत्पन्न किती, हे सांगायला नको. निर्वाणाच्या वाटेवरचा प्रवासी माडांच्या आणि मागांच्या जिवावर बसलेला होता.

उषवदात राजाचा जावई होता, म्हणून त्याला हे परवडलं असं म्हणावं, तर इतर लेण्यांतले दाते अगदी साधे निघतात. कार्ल्याला धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिले, एका गंधिकानं, म्हणजे अत्तरवाल्यानं, दाराचं काम केलं. जुन्नरला बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी होत्या, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि टाकं दिलं. ज्यांनी दिलं त्यांतले बहुतेक स्वतः कधी तीन महिने बसले नसतील. बसणाऱ्याची सोय करणं हेच त्यांचं पुण्य होतं.

ही सोय मोडली कशी, याची कारणं अनेक आहेत आणि ती सगळी इथे उलगडत बसत नाही. व्यापाराच्या वाटा बदलल्या, राजाश्रय दुसऱ्या देवांकडे गेला. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीला २९ लेण्यांची रांग आहे, तिथे हे पालटणं एका फेरीत पाहता येतं. आधी बौद्धांचं साधं लेणं, मग वज्रयानातली उग्र देवता, मग गणपती, आणि शेवटी नाथपंथी सिद्ध. डोंगर तेच, बसणारे बदलले. ध्यानाची बौद्ध रीत मात्र या किनाऱ्यावरून गेली ती गेलीच.

ती जिथे टिकून होती तिथला एक माणूस पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन राहिला, आणि तोही स्वतःच्या इच्छेनं नाही. रत्नागिरीचा थिबा पॅलेस सहलीला गेलेल्या प्रत्येक शाळकरी मुलानं पाहिलेला असतो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणीसह देशाबाहेर काढलं. काही काळ मद्रासला ठेवून १८८६ साली रत्नागिरीला आणलं. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. १९१० मध्ये त्याच्यासाठी तो लाल वाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो तिथेच वारला. आपल्याला थिबा आठवतो तो कर्जबाजारी, भरपूर खर्च करणारा नजरकैदी म्हणून. पण गादीवर येण्याआधी तो भिक्षू होता आणि पाली ग्रंथांची अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. त्याचे वडील मिंडॉन यांनी १८७१ साली मंडालेला पाचवी संगीती भरवली आणि सगळा त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतला. ब्रह्मदेशात संघाचा पोशिंदा राजा असे. विहार त्याच्या पैशानं चालत, संघराजाची नेमणूक तो करी.

मग राजा गेला. इंग्रजांनी धर्मात हात घालायचा नाही हे धोरण पुढे करून ती जबाबदारी अंगाला लावून घेतली नाही. आता शासन बुडणार, म्हणजे बुद्धाची शिकवण नामशेष होणार, ही भीती ब्रह्मी लोकांत पसरली. त्या काळात मोनिवा गावाजवळ जंगलात राहणारे एक विद्वान भिक्षू, लेडी सयाडो (१८४६ ते १९२३), यांनी ठरवलं की राजा नसेल तर हे काम प्रपंचातल्या माणसांनी उचलावं. त्यांनी सोप्या ब्रह्मी भाषेत पुस्तकं लिहिली. तेव्हा नव्यानं आलेल्या छापखान्यांनी ती घरोघर नेली, आगगाडी आणि आगबोटीनं ते स्वतः गावोगाव फिरले. अभिधम्म आणि ध्यान या दोन्ही गोष्टी तोवर बहुतेक करून भिक्षूंच्या असत. त्या त्यांनी शेतकऱ्यांना आणि कारकुनांना शिकवल्या. आज लाखो गृहस्थ दहा दिवस रजा काढून ध्यानाला बसतात, त्याचा धागा या निर्णयाशी जाऊन भिडतो. रत्नागिरीत एक माणूस समुद्राकडे तोंड करून दिवस काढत होता, आणि त्याच्या रिकाम्या सिंहासनामुळे तिकडे ही चळवळ उभी राहत होती. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी एका पानावर येत नाहीत, ही मला उणीव वाटते.

लेडी सयाडो यांच्या शिष्यांत सया तैजी हे शेतकरी, आणि त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (१८९९ ते १९७१) हे हिशोब खात्यातले कारकून. ओरोसच्या वाचकाला हे दुसरे गृहस्थ खास जवळचे वाटावेत. १९३७ साली ते पहिल्यांदा ध्यानाला बसले तेव्हा सरकारी नोकरीतच होते. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते देशाचे पहिले महालेखापाल झाले. त्यांनी कचेरीतच सहकाऱ्यांसाठी विपश्यनेचं मंडळ काढलं आणि १९५२ साली रंगूनला ध्यानकेंद्र उभारलं. दिवसा ताळेबंद आणि संध्याकाळी साधक, असा त्यांचा क्रम. भगवी वस्त्रं त्यांनी कधी कायमची घेतली नाहीत.

त्यांच्याकडे १९५५ साली आलेले सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जानेवारी १९२४ मध्ये जन्मलेले मारवाडी उद्योजक. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता, त्यासाठी मॉर्फिन घ्यावं लागे, आणि त्याची सवय लागेल या भीतीनं ते परदेशी डॉक्टरांकडे हिंडून आले होते. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परत पाठवलं. डोकेदुखीवर औषध म्हणून येणार असाल तर येऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मन शुद्ध करायला या, डोकं उतरलं तर तो वरचा फायदा. गोयंका बसले आणि चौदा वर्षं गुरूजवळ राहिले. १९६९ च्या जूनमध्ये ते भारतात आले आणि ३ जुलै १९६९ रोजी मुंबईच्या एका धर्मशाळेत चौदा जणांचं पहिलं शिबिर सुरू झालं. त्यात त्यांचे आई-वडीलही होते. धर्मशाळा, मंगल कार्यालयं, शाळा अशा उसन्या जागांत काही वर्षं गेली आणि १९७६ पासून इगतपुरीला स्वतःच्या जागेत शिबिरं होऊ लागली. आता जगभर दोनशेहून अधिक केंद्रं आहेत. गोयंका २९ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत वारले.

आणि तरी शिबिर तेच घेतात! ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्याला चक्रावून टाकते. सूचना गोयंकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित, संध्याकाळचं प्रवचन चित्रफितीवर, हवं तर मराठी भाषांतरासह. समोर बसलेले सहायक आचार्य बटण दाबतात, दुपारी शंका ऐकून थोडक्यात उत्तर देतात, बाकी बोलत नाहीत. जगातल्या प्रत्येक केंद्रात तीच वाक्यं त्याच क्रमानं ऐकू येतात. यामुळे शिकवण्यात भेसळ होत नाही, असं साधक म्हणतात, आणि ते खरंही आहे. मला स्वतःला समोरचा गुरू चुकतमाकत शिकवतो त्यात काहीतरी जास्त मोलाचं वाटतं. पण शेकडो माणसांना रोज फुकट शिकवायचं तर अशीच काहीतरी पद्धत लागणार, हेही मान्य करावं लागतं.

दिवस कसा जातो ते सांगतो. पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी. आठ ते नऊ सगळ्यांनी धम्मकक्षात एकत्र बसायचं, पुन्हा अकरापर्यंत ध्यान. अकरालाच दुपारचं जेवण. एक ते पाच ध्यान, त्यात एक तास एकत्र. पाचला चहा, आणि नव्या साधकाला त्यासोबत चुरमुरे किंवा फळ असं काही हलकं. जुन्या साधकाला माध्यान्हीनंतर अन्न नाही, फक्त लिंबूपाणी. सहा ते सात पुन्हा एकत्र, मग सव्वा तासाचं प्रवचन, पुन्हा थोडं ध्यान, आणि साडेनऊला दिवे बंद. बसण्याचे तास दहाच्या वर भरतात. मोबाइल, पुस्तक, वही-पेन आधीच जमा करून घेतलेलं असतं. स्त्री-पुरुषांची राहणी, जेवण आणि फिरण्याची जागा वेगळी. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन. शेजारच्याशी बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरेनं हसायचंही नाही.

जेवण साधं आणि शाकाहारी. पाच शिलांत पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, त्यामुळे त्यात तडजोड नाही. बांगड्याशिवाय दिवस न काढणाऱ्या आमच्याकडच्या माणसाला मौनापेक्षा हेच जड जाईल, असं मी म्हणालो तर मालवणात कुणी रागावणार नाही.

साधना ऐकायला अगदी किरकोळ वाटते. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा. मंत्र नाही, मूर्ती नाही, श्वास लांबवायचा नाही. मन पळतं, परत आणायचं. चौथ्या दिवसापासून विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत शरीरावर जी संवेदना असेल ती पाहायची. खाज, जडपणा, झिणझिण्या, कळ. कळ आली म्हणून वैतागायचं नाही, सुखद वाटलं म्हणून धरून ठेवायचं नाही. दोन्ही येतात आणि जातात, हे अंगावर अनुभवायचं. दिवसातून तीनदा एक तास अधिष्ठान असतं, त्यात हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचा प्रयत्न करायचा. गुडघे तेव्हा काय बोलतात ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. शेवटच्या टप्प्यात मंगल मैत्री, सगळ्यांचं भलं चिंतायचं, आणि मौन सुटतं. धम्मगिरीच्या पॅगोड्यात सुमारे ४०० शून्यागारं आहेत, एका माणसाला बसता येईल एवढ्या कोठड्या. कान्हेरीची कोठडी पाहिलेल्या माणसाला त्या ओळखीच्या वाटतील.

पण कोठडीपेक्षा मला स्वयंपाकघर महत्त्वाचं वाटतं. शिबिराला फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे नाहीत. एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय दानही घेत नाहीत. म्हणजे पहिल्यांदा बसलेला माणूस आधी बसून गेलेल्या कुणाच्या तरी पैशावर जेवतो, आणि जाताना त्यानं काही दिलं तर ते त्याच्यानंतर येणाऱ्याच्या ताटात पडतं. आचार्यांना मानधन नाही. वाढणारे, घंटा वाजवणारे, खोल्यांची व्यवस्था बघणारे बरेचसे धम्मसेवक आधीचे साधक असतात. विणकरांकडच्या व्याजाची जागा या साखळीनं घेतली आहे. उषवदाताच्या वेळी देणारा एक आणि बसणारा दुसरा होता. लेडी सयाडोंनी प्रपंचातल्या माणसाला बसवल्यानंतर देणारा आणि बसणारा एकच झाला, फक्त पाळी बदलते. या परंपरेत नवं काय आलं असं कुणी विचारलं, तर मी हे दाखवीन.

ही वाट उलट्या बाजूनं चालून गेलेला आपला एक माणूस आहे, त्याला विसरून चालणार नाही. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया असं करत ते १९०२ साली सिलोनला पोचले, तिथे पाली शिकले, मग ब्रह्मदेशातही राहिले. त्यांच्यासाठी कुणी रजा मंजूर केली नव्हती आणि कुठलं केंद्र उघडलेलं नव्हतं. काशीत ते अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, आणि ध्यानाचा थोर ग्रंथ विसुद्धिमग्ग याच्या संहितेवर काम करायला हार्वर्डपर्यंत गेले. आपल्या किनाऱ्यावरून बुद्ध शोधायला निघालेल्या आधुनिक माणसांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं, आणि सिंधुदुर्गात त्यांच्या नावाची जेवढी आठवण असायला हवी तेवढी दिसत नाही.

इगतपुरीतल्या शिबिराला बौद्ध म्हणावं का, हा प्रश्न महाराष्ट्रात साधा नाही. केंद्राची भूमिका अशी की ही विद्या सार्वजनिक आहे, कुणीही यावं, धर्म बदलू नये. शिबिरात जैन, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे बसतात. शिक्षण खात्यानं शाळांत मित्र उपक्रम आणला, त्यात मुलांना रोज थोडा वेळ आनापान करायला सांगितलं, तेही याच भूमिकेमुळे शक्य झालं. तिहार तुरुंगात किरण बेदी अधिकारी असताना एप्रिल १९९४ मध्ये हजारावर कैदी एकाच शिबिरात बसले, तेव्हाही धर्म आड आला नाही.

दुसरीकडे, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो बुद्ध दिला तो डोळे मिटून बसलेला नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी विचारलं आहे की भिक्षू घडवण्यामागचा हेतू कोणता होता, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक? आंबेडकरी चळवळीतले अनेक जण विपश्यनेकडे याच प्रश्नातून बघतात. अन्याय बाहेर चालू असताना आत काय शोधायचं, असं ते विचारतात. आणि त्याच समाजातली कितीतरी माणसं शिबिरालाही जाऊन येतात. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रातला जिता बौद्ध वर्षावास इगतपुरीपेक्षा गावोगावच्या बुद्धविहारांत आहे. आषाढी पौर्णिमेपासून तिथे संध्याकाळी माणसं जमतात आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन होतं. कोकणातल्या वाड्यांमधून भर पावसात छत्र्या घेऊन माणसं त्याला येतात, रजा न काढता. गंमत अशी की नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे जन्मानं आराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशातले. दोन्ही वाटा महाराष्ट्रात आल्या त्या एकाच देशाच्या हातातून.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. अर्ज आधी करावा लागतो, ऐनवेळी दारात उभं राहून जागा मिळत नाही. पावसाळ्यात इगतपुरी आपल्या आंबोलीसारखीच भिजलेली असते. छत्री, गरम पांघरूण आणि न वाळणारे कपडे धरून एक जोड जास्त न्यावा. पहाटेच्या थंडीला शाल लागतेच. घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा क्रमांक देऊन ठेवा, तातडीचा निरोप तिथून पोचतो. दहा दिवस पुरे करायची तयारी नसेल तर अर्धवट बसून निघून येण्यापेक्षा पुढच्या वर्षी जा. ज्यांना बैठक जमत नाही त्यांना खुर्ची मिळते, त्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगतो. हा दवाखाना नाही. दहा दिवस बोलणं बंद करून स्वतःच्या मनासमोर बसणं सगळ्यांना झेपत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं केंद्रच सांगतं, आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करून जाण्याइतका धोक्याचा विचार दुसरा नाही. ऊ बा खिन यांनी गोयंकांना डोकेदुखीसाठी घ्यायचं नाकारलं होतं, हे लक्षात असू द्या. अर्जात आजार आणि औषधं यांचा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि त्या रकान्यात खरं तेच लिहा.